निकोलोचा दगड

काही माणसांना जगातली कुठलीच गोष्ट पसंत पडत नाही. हजार-दीड हजार वर्षं जुनी असली तरच. या जातीचा मेरुमणी पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये राहत होता. निकोलो निकोली त्याचं नाव. बाप लोकरीचा व्यापारी. बापानं जमवलेलं पोरानं जुन्या पोथ्यांत घातलं. ते संपत आल्यावर फ्लॉरेन्सचा सावकार कोसिमो दे मेदिची यानं आपल्या पेढीला सांगून ठेवलं, की निकोलो मागेल तेवढं द्या आणि माझ्या खात्यावर मांडा. उधळ्याला असा जामीन मिळायला नशीब लागतं.

लग्न केलं नाही. अभ्यासात व्यत्यय नको. अंगात पायघोळ तांबडा झगा. जेवायला पांढरंशुभ्र कापड, प्राचीन भांडी, स्फटिकाचा पेला. त्याला जेवताना पाहणं हाच सोहळा, असं त्याचा चरित्रकार, पुस्तकविक्रेता वेस्पासियानो दा बिस्तिच्ची सांगतो. लॅटिनची कसोटी इतकी कडक, की तिला दुसऱ्याचं लेखन उतरत नसे आणि स्वतःचं तर नाहीच. म्हणून त्यानं स्वतःचं असं जवळजवळ काही लिहिलंच नाही. नुसत्या पोथ्या उतरवल्या, पण अशा सुबक तिरप्या वळणात, की आजचा इटालिक टाइप त्याच घराण्यातला. टीकाकाराच्या हातून एवढं झालं तरी पुष्कळ.

तर हे गृहस्थ एकदा रस्त्यानं जात असता एका पोराच्या गळ्यात कॅल्सेडनीचा कोरीव दगड दिसला. इतरांना तो ताईत वाटला असता. यांना त्यात साक्षात ग्रीक शिल्पकार पॉलिक्लिटस दिसला! पोराला बापाचं नाव विचारलं, निरोप धाडला, पाच फ्लोरिन मोजले. बापाला वाटलं, दुपटीहून जास्त सुटले. दोघांनीही आपापल्या घरी समोरच्याच्या भोळेपणाची कीव केली असणार.

दगडावर होता ग्रीक वीर डायोमीडिस, ट्रॉयमधून पळवलेली अथीनाची मूर्ती हातात घेतलेला. विषयच उचलेगिरीचा, आणि दगडाला तो गुण लागला. लुदोविको त्रेविसान नावाच्या बड्या धर्माधिकाऱ्यानं तो पाहायला म्हणून मागवला. परत आले ते २०० डुकाट. निकोलो काही धनिक नव्हता, घेतले. १४६५ मध्ये त्रेविसान वारला तेव्हा त्याचा हाडवैरी पिएत्रो बार्बो हा पॉल दुसरा या नावानं पोपच्या गादीवर होता. त्यानं मृत्युपत्र बाजूला सारलं आणि दगडासकट दौलत ताब्यात घेतली.

बार्बो म्हणजे पैसेवाला निकोलो. तुलूझच्या चर्चमधल्या एका कोरीव दगडासाठी त्या शहराला नदीवर पूल बांधून द्यायची त्याची तयारी होती. तुलूझकर बधले नाहीत. पण या हावरटानं एक काम चांगलं केलं : आपल्याकडच्या कोरीव दगडांचे ठसे घेऊन ते कांशात ओतवले. दगडात खोल खोदलेला वीर कांशात उठून दिसू लागला. तळहातावर मावणारी, एकाच बाजूनं कोरीव अशी ही पट्टी. पुढं इटलीभर तिचं पीक आलं. वेरोनाचा मोदेर्नो, पादुआचा रिच्चो यांनी तर दगडाची वाट न पाहता नवे हर्क्युलिस आणि सॅटर घडवले. ते दौतीवर बसले, तलवारीच्या मुठीत गेले, टोपीवर मिरवले. ज्या पंतोजीची ऐपत दौतीपुरतीच, त्याच्याही मेजावर रोम आलं. आता तोही पाहुण्यापुढं पट्टी धरून, मान तिरकी करून, अर्धा तास बोलू शकत होता. निकोलोला हे मुळीच खपलं नसतं.

दगड पुढं कोसिमोचा नातू लोरेन्झो दे मेदिची याच्याकडं गेला. १४९२ च्या यादीत त्याची किंमत १,५०० फ्लोरिन लावलेली आहे. आज तो कुठं आहे, कुणाला ठाऊक नाही. त्याच्यावरून ओतलेल्या कांशाच्या पट्ट्या मात्र संग्रहालयांत शाबूत आहेत.