उंटावरचे शहाणे

स्पोर्ट-टूरिंग मोटारसायकल मेली, असे जो तो सांगतो आणि खापर फोडतो ते प्रदूषणाच्या नियमांवर. याच प्रकारातली यामाहाची एफजेआर 1300 ही 2001 साली आली आणि युरो 5 नियम लागू होताच युरोपातून गेली, हे खरेच. पण नियम तर सगळ्यांनाच होते. त्याच नियमांत अ‍ॅडव्हेंचर गाड्यांची नवी इंजिने बसली, कारण गिऱ्हाईक तिकडे होते. बीएमडब्ल्यूच्या आर 1300 जीएसची सीट 850 मिलिमीटर उंच. सिग्नलला पाय टेकवताना स्वाराची चवड्यांवर कसरत. वाळवंट पार करायची ही तयारी, आणि प्रवास हॉटेलच्या पार्किंगपर्यंत!

ताठ बसता येते, पाठ दुखत नाही, हा युक्तिवाद मान्य. पण त्यासाठी खडकांतून जायचे सस्पेन्शन कशाला? होंडाला हे उमगले असावे. तिने आफ्रिका ट्विनचेच इंजिन घेतले, गाडी बुटकी केली, चाके डांबरी रस्त्याची लावली आणि एनटी 1100 म्हणून विकायला काढली. म्हणजे मेलेला प्रकार मागच्या दाराने घरात आला. फक्त मागचे चाक फिरवणारा शाफ्ट गेला, चेन आली. लांबच्या दौऱ्यात रोज संध्याकाळी तिला वंगण घालत बसा. शाफ्ट हवाच असेल तर बीएमडब्ल्यूची आर 1300 आरटी आहे, खिसा मात्र जड हवा. तेव्हा जुनी एफजेआर धडधाकट असेल, तर बदली शोधूच नका.