नऊवारीतला शक्तिमान

(स्थळ : जबलपूर, रांझीतलं एक घर. आजोबा व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त. इन्स्पेक्शनची सवय मात्र निवृत्त झालेली नाही. नात कॉलेजात. आजी स्वयंपाकघरात, म्हणजे जिथून सगळं ऐकू येतं तिथे.)

नात : आजोबा, फेस्टच्या कॉस्प्लेमध्ये मी शक्तिमान होणार.

आजोबा : शाब्बास! पण तीन टन माल वाहशील कशावर?

नात : ट्रक नाही हो! टीव्हीवरचा.

आजोबा : तो फार नंतरचा. आमचा शक्तिमान 1959मध्ये इथल्या गन कॅरेज फॅक्टरीतून बाहेर पडला. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीचा परवाना होता. 1969मध्ये व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि पुढे ते काम आमच्याकडे आलं. नव्वदच्या दशकात गाडी बंद झाली आणि 1997मध्ये टीव्हीवर तुमचे मुकेश खन्ना हजर. रिकाम्या जागेवर भरती म्हणतात ती ही.

नात : मी त्यातही बाई-शक्तिमान होणार. जेंडर-स्वॅप.

आजी : (आतून) त्यापेक्षा राणी दुर्गावती हो. आपल्याच मुलखातली. 1564 साली हत्तीवरून लढली ती.

नात : ती बाईच होती, आजी. मग बदलणार काय? शिवाय पाचशे रुपयांत हत्ती बसत नाही.

आजोबा : पाचशे? एकूण?

नात : एकूण. रंग, गोंद, येण्याजाण्याचं पेट्रोल धरून.

आजोबा : मग सोपं आहे. माझा पायजमा घाल, दादाचा बनियन घाल, काजळानं मिशी काढ.

नात : ते झालं पुरुषाचं सोंग. शक्तिमान मुळातच बाई म्हणून जन्माला आला असता तर काय घातलं असतं, ते मला करायचंय.

आजी : म्हणजे मिशीचा खर्च वाचला.

नात : ऑनलाइन ‘लेडीज सुपरहिरो ड्रेस’ बघितले. कापड अर्धं आणि किंमत दुप्पट. ते घालून ती तमराज किल्विषाशी लढणार की सर्दीशी?

आजी : (पदराला हात पुसत बाहेर येते) आपल्याकडे हे सोंग काही नवं नाही हो. पूर्वी सिनेमात बायका कामाला मिळत नसत, तर पुरुषच लुगडी नेसायचे. फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये, 1917 साली, साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता.

आजोबा : एका पगारात?

आजी : असेल. तुम्ही एकच काम करायचात आणि त्यात चार वेळा चहा.

(आजोबांना अचानक वर्तमानपत्रात काहीतरी महत्त्वाचं दिसतं. आजी ट्रंक उघडते. डांबरगोळ्यांचा वास, मग एक किरमिजी नऊवारी, काठाला जर.)

नात : आजी! रंग अगदी तोच! सोनेरीसुद्धा आयतं!

आजी : कासोटा घट्ट घातला की पळ, उडी मार, घोड्यावर बस. आतून लेगिंग घाल, दोन पिना मी लावते. आणि हा बघ ओचा. यात मोबाईल, चावी, शंभराची नोट. तुझ्या त्या शक्तिमानला खिसा होता का?

नात : नव्हता.

आजी : मग तो रिक्षाचे पैसे कुठून द्यायचा?

आजोबा : तो उडायचा.

आजी : येताना भाजी आणायची असेल तर?

(मध्यंतरात आजोबा आणि नात गुरंदी बाजारात जाऊन येतात. जुने स्पेअर पार्ट, भंगार, पुन्हा स्पेअर पार्ट. परत येताना आजोबांच्या कुशीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी गोल.)

आजोबा : छातीवरचं चक्र! हेडलाइटची रिंग. दीडशे म्हणत होता, एकशेवीसला घेतली. शक्तिमानचीच आहे.

नात : दुकानदार ट्रॅक्टरची म्हणाला.

आजोबा : त्याला काय कळतंय! मी डोळे मिटून सांगतो. हा काठ बघ, कशी घडी बसलीय. ट्रॅक्टरला असलं काम करतात होय?

नात : सोनेरी स्प्रे एकशेऐंशी, फेविबॉन्ड साठ, बडा फुहाऱ्याहून लेस नव्वद. साडेचारशे झाले. मनगटाच्या पट्ट्या आईच्या जुन्या योगा मॅटमधून काढू.

आजोबा : आण, मी चिकटवतो.

नात : थांबा! फेविबॉन्ड दोन्ही बाजूंना लावायचा आणि सुकत ठेवायचा. बोटाला ओलं लागेनासं झालं की मगच दाबायचं.

आजोबा : ओला असतानाच दाबला तर?

नात : सरकतो. तुमच्या कोपराला लागलाय तसा.

(आजोबा कोपर सोडवतात, मॅटचा एक तुकडा कोपरासोबत येतो.)

नात : आता यावर फेविकॉल पाण्यात कालवून दोनतीन हात द्यायचे. नाहीतर फोम रंग पितो आणि मनगट वाकवलं की पोपडे निघतात.

आजोबा : प्रायमर! हे आधी सांगायचंस. यात मला कळतं.

(आणि खरोखर कळतं. पुढचा तासभर घरात कुणी बोलत नाही, फक्त ब्रश.)

आजी : दादाला काय करताय?

नात : गंगाधर बायको झाल्यावर... नाही, गंगाधरची बाई झाल्यावर... थांब, माझाच गोंधळ होतोय. मी शक्तिमान, म्हणून गंगाधरही मीच. चष्मा आहे, पुढे आलेले दात संत्र्याच्या सालीचे करते. दादा गीता विश्वास होतोय.

आजी : साडी नेसायला तयार झाला?

नात : साडीला तयार आहे. दाढी काढायला नाही म्हणतोय.

आजी : नेसू दे. घाम आला की स्वतःच काढेल. कोणती ते मी सांगत नाही.

(नऊवारी नेसून होते. छातीवर रिंग, दोन नाड्यांनी पाठीमागे बांधलेली. आजोबा चष्मा नाकावर ओढून चहूबाजूंनी फिरतात.)

आजोबा : दिसायला पास. आता रोड टेस्ट. गिरकी घे.

नात : हॉलमध्ये?

आजोबा : टेस्ट न करता आमची एक गाडी गेटबाहेर गेली नाही.

(नात एक हात वर करून गरगर फिरते. पहिली गिरकी, दुसरी, तिसरी. कासोटा जागच्या जागी. नाड्या मात्र आजोबांनी बांधलेल्या. रिंग सुटते, दिवाणावरून जाते आणि शोकेसच्या काचेतून आत शिरते.)

आजी : झालं! पन्नास रुपयांत काच बसवून दाखवा आता!

नात : आजोबा, सॉरी... काच केवढ्याला येईल हो?

आजोबा : काचेचं राहू दे. रिंग बघ. वाकली का?

नात : (उचलून फिरवून बघते) नाही. ओरखडासुद्धा नाही.

आजोबा : सांगत होतो ना? शक्तिमानचीच आहे!