एका वर्षात अभिजात कसे व्हावे?

(पाली व पंचक्रोशीतील होतकरू वाचकांसाठी)

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषेचं काम झालं, वाचकाचं राहिलं. बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना लागणाऱ्या पालीत राहून, पेरणी, लग्नसराई आणि लाइटीचं वेळापत्रक सांभाळत ज्यांना वर्षभरात अभिजात ग्रंथ वाचून काढायचे आहेत, त्यांनी पुढील कृती क्रमाने करावी.

साहित्य : कोरी वही, पेन, खऱ्या नंबरचा चष्मा आणि चारचौघांना ऐकू जाईल एवढा आवाज. शेवटची वस्तू किरकोळ वाटेल, पण टाकून देऊ नये.

१. मुहूर्त. १ जानेवारी टाळावी. तेव्हा निम्मी ओळखीची माणसं उसाच्या फडात असतात. संकल्प ऐकायला कुणी नसेल तर तो करण्यात अर्थ नाही. पाडवा धरावा.

२. यादी. वरच्या ओळीत टॉलस्टॉय लिहावा. तो वाचायचा नसतो, पाहुण्यांना दाखवायचा असतो. खालच्या ओळीपासून खरी यादी सुरू करावी आणि आधी जिल्ह्यातली मंडळी घ्यावीत. अंबाजोगाईचे मुकुंदराज : त्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११०चा, म्हणजे इ.स. ११८८चा मानतात. तिथलेच दासोपंत : त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. कागद पुरला नाही की काय, त्यांनी सुमारे ४० फूट लांब पासोडीवरही लिहून ठेवलं. पुस्तक जाड आहे म्हणून कुरकुरणाऱ्याला ही लांबी ऐकवावी. अगदी उंबऱ्याशी हवं असेल तर कपिलधारला समाधिस्थ असलेल्या मन्मथस्वामींचं ‘परमरहस्य’ आहे. मग ‘लीळाचरित्र’, ‘ज्ञानेश्वरी’, तुकोबांची गाथा, ‘स्मृतिचित्रे’, ‘फकिरा’. यादी सुवाच्य अक्षरात लिहावी. अनेकांचं वर्ष इथेच सार्थकी लागतं.

३. हिशेब. ज्ञानेश्वरीच्या ओव्या साधारण नऊ हजार. रोज २५ वाचल्या तर वर्षात संपते. हा हिशेब सप्ताहात पारायणाला बसणाऱ्या आजीबाईंना सांगू नये. त्या सात दिवसांत संपवतात, वर दुपारी पंगतीला वाढायला उभ्या राहतात. तुम्ही वर्ष का मागताय, असं त्या विचारतील. ‘आम्ही समजून वाचतो’ हे उत्तर मनात तयार ठेवावं, ओठांवर आणू नये.

४. जागा. पारावर पुस्तक उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला : “काय वाचायलास रं? जागा निघाली का कुठली?” आपल्याकडे वाचणारा तरुण म्हणजे भरतीची तयारी करणारा. खुलासा करत बसू नये. ‘तलाठी’ म्हणावं आणि गाथेचं पान उलटावं. बिंदुसरा तलाव भरून वाहत असेल त्या आठवड्यात तिकडे पुस्तक नेऊ नये. ते गर्दीच्या फोटोत येतं, वाचून होत नाही.

५. श्रावण. इथवर एकट्याचा संकल्प बहुधा मोडलेला असतो. घाबरू नये, आवाज काढावा. रात्री जेवणं उरकली की पोथी लागते तिथे जाऊन बसावं. लाल फडक्यातून पोथी निघते, एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बायका वाती वळत ऐकतात. मध्येच कोपऱ्यातून आवाज येतो, “थांब, मागचं पुन्हा म्हण.” वाचणारा मुकाट मागे जातो. आपण एकटे वाचताना न कळलेली ओवी ओलांडून पुढे सटकतो. इथे ती सोय नाही. यादीतलं पुढचं पुस्तक याच बैठकीत घुसवावं. ‘स्मृतिचित्रे’ चालतं; लक्ष्मीबाई टिळकांवर हसून झाल्याशिवाय कुणी उठत नाही.

६. पांगापांग. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली घरं कारखान्यांकडे निघतात आणि श्रोते कमी होतात. उरलेल्यांनी रोजचा भाग फोनवर वाचून पाठवावा. फडातल्या कोपीवर रात्री तो ऐकतात की नाही, हे दोन दिवस खंड पाडला की कळतं. तक्रार आली तर वाचन चालू आहे असं समजावं.

अडचणी व उपाय
झोप येते : वाचक बदलावा, ग्रंथ नव्हे.
जुना वाटतो : महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ पीककर्जाच्या रांगेत उभं राहून वाचावा. तो १८८३चा आहे, हे मुखपृष्ठ उलटून दोनदा तपासावं लागेल.
कुणी ‘किती झाली?’ विचारतो : त्यालाच पुढचं पान वाचायला बसवावं.

वर्षअखेर. निम्मी यादी शिल्लक राहील. ती पुढच्या पाडव्याला ‘नवीन संकल्प’ या मथळ्याखाली जशीच्या तशी उतरवावी, टॉलस्टॉयसकट. मुकुंदराज आठशे वर्षांहून जास्त थांबले आहेत. आणखी एका वर्षाने त्यांचं काही बिघडत नाही.