अवकाशाची फडणिशी

आकाशाकडे पाहून उसासे टाकणाऱ्यास आपला समाज कवी म्हणून क्षमा करतो, आणि आकाशाकडे मुळीच न पाहता ग्रहांची घरे सांगणाऱ्यास ज्योतिषी म्हणून दक्षिणा देतो; परंतु त्याच आकाशात जड वस्तू धाडण्याचे रीतसर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याची गणना कोणत्या वर्गात करावी, याविषयी समाजाचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. तिरुवनंतपुरमनजीक, पश्चिम घाटाच्या पायथ्याशी वलियमला येथे जी अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञानाची संस्था आहे, जी २००७ साली स्थापन झाली आणि डॉ. अब्दुल कलाम जिचे पहिले कुलपती होते, तेथे मला प्रवेश मिळाल्याची वार्ता गावात पसरताच पहिल्याच सुटीत माझ्यापुढे दोन प्रकारचे अर्जदार उभे राहू लागले. काहींच्या हातात मुलींच्या पत्रिका असत, आणि काहींना पाऊस केव्हा पडेल याची खात्रीलायक खबर हवी असे.

पावसाची विचारणा करणाऱ्यांना मी दोष देऊ शकत नाही. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर यांनी अग्निबाणाच्या घन इंधनात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली, थुंब्याच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालकपद १९७९ ते १९८५ भूषविले, आणि पुढे मोसमी पावसाच्या दीर्घकालीन अंदाजासाठी सोळा घटकांचे गणितही रचून दिले. तेव्हा अग्निबाणाच्या विद्येत पावसाचा समावेश असतोच, असा ग्रह एखाद्या मराठी शेतकऱ्याने करून घेतला तर तो पूर्वपीठिकेस धरूनच होता. पत्रिकेचे प्रकरण अधिक नाजूक होते. मंगळाविषयी मला एवढेच ठाऊक होते, की पृथ्वीवरून तिकडे निघण्याची सोयीची वेळ सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते, आणि तशीच एक वेळ साधून ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेले आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मुक्कामी पोहोचले. हे मी एका चिंताक्रांत वधूपित्यास यथामति सांगितले. त्यावर ते एकदम गंभीर झाले, "म्हणजे यंदाचा योग हुकला तर दोन वर्षांची निश्चिंती," असे म्हणाले, आणि त्याच महिन्यात त्यांनी मुलीचे लग्न उरकून घेतले.

या लौकिकाला मी सर्वस्वी अपात्र होतो, कारण ज्या नक्षत्रखचित विश्वाच्या ओढीने मी सह्याद्रीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आलो होतो, त्या विश्वाचे दर्शन अभ्यासक्रमात क्वचितच घडे, आणि घडे तेही एखाद्या तक्त्याच्या तळटीपेत. आमच्या विद्येचा मूळपुरुष त्सिओल्कोव्हस्की हा रशियातील कालुगा गावचा, बालपणीच श्रवणशक्ती गमावलेला एक शाळामास्तर; त्याने १९०३ साली जे समीकरण प्रसिद्ध केले त्याचा भावार्थ असा, की वेग हवा तर इंधन हवे, ते इंधन वाहून नेण्यास आणखी इंधन हवे, आणि त्या आणखी इंधनासाठी पुन्हा इंधन हवेच. या चक्रवाढीचा परिणाम असा होतो, की आपले ३२० टनांचे पीएसएलव्ही पृथ्वी हादरवीत उठते आणि सहाशे किलोमीटर उंचीच्या सूर्यसमकालिक कक्षेत जेमतेम १७५० किलो माल उतरवून देते; म्हणजे वर पोहोचणाऱ्या दर किलोमागे सुमारे १८० किलोंचा खर्च पडतो. असा जमाखर्च ज्या खात्यात चालतो तेथे काव्यास अवसर कोठून मिळणार? आमच्या वसतिगृहात मध्यरात्री जे वाद रंगत, ते विश्वाच्या उत्पत्तीविषयी नसून ग्रॅमांविषयी असत. दहा सेंटिमीटर घनाचा आणि १.३३ किलो वजनाच्या मर्यादेतला एक उपग्रह आम्हांस कागदोपत्री उभा करावयाचा होता; त्यात बॅटरीचा कारभार पाहणारा विद्यार्थी अँटेनावाल्याच्या वाट्यावर डोळा ठेवी, अँटेनावाला आपल्या खात्यात ग्रॅम दडवून ठेवी, आणि सांगाड्याचा अधिकारी सर्वांवर अफरातफरीचा आरोप करून निजावयास जाई.

या वजनांचा तक्ता घेऊन मी सुटीत घरी आलो, आणि तो आमच्या आजोबांच्या दृष्टीस पडला. आजोबा मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले. तालुक्याच्या तिजोरीचा हिशेब त्यांनी अनेक वर्षे पाहिलेला. माझ्या शिक्षणाविषयी तोवर मौन पाळून असलेल्या या गृहस्थांनी तो तक्ता पाहताच चष्मा पुसला, तांबडी पेन्सिल मागवली, आणि प्रत्येक बाबीची बेरीज स्वतः पडताळून पाहिली.

"हे मार्जिन म्हणून वीस टक्के कशाचे धरले आहेत?"

"आजोबा, पुढे वजन वाढते. सगळ्यांचेच वाढते. त्याची तजवीज आधीच करून ठेवावी लागते."

"आणि तेही संपले तर? पुरवणी मागणी कुणाकडे करायची?"

"वर गेल्यावर कुणाकडेच करता येत नाही."

आजोबांच्या मुद्रेवर प्रथमच माझ्या विद्येविषयी आदर उमटला. ज्या खात्यास पुरवणी मागणी, तगाई अथवा उसनवारी यांपैकी काहीच उपलब्ध नाही, तेथील अंदाजपत्रक खरे असलेच पाहिजे, असे त्यांचे मत पडले. मग ते रोज दुपारी माझी तपासणी घेऊ लागले. १९९९ साली मंगळाजवळ पोहोचलेले एक अमेरिकी यान केवळ एका पक्षाने जोर पौंडांत मांडला व दुसऱ्याने तोच आकडा न्यूटनांत वाचला म्हणून नाहीसे झाले, हे ऐकून ते मुळीच हळहळले नाहीत. "स्तंभाच्या माथ्यावर माप लिहिल्यावाचून आमच्याकडे तलाठ्याचा तक्तासुद्धा परत जात असे," एवढाच शेरा त्यांनी मारला. पृथ्वीलगतचे यान दीड तासात प्रदक्षिणा पुरी करते, सबब तेथे दिवसाकाठी सोळा सूर्योदय होतात, हे सांगताच त्यांनी त्रिकाळ संध्येचा आकडा तत्काळ अठ्ठेचाळीसवर नेऊन ठेवला आणि अंतराळवीरांस धर्मकृत्यांतून सवलत मिळावी, अशी शिफारस केली.

त्यांना सर्वांत रुचला तो मात्र आम्हां विद्यार्थ्यांना सर्वांत जड गेलेला सिद्धान्त. एकाच कक्षेत आपल्या पुढे चाललेल्या यानास गाठावयाचे असेल, तर वेग वाढवून भागत नाही. वेग वाढवला की आपण वरच्या, लांबच्या वाटेला लागतो आणि उलट मागे पडतो. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ यानातील मॅकडिव्हिट यांनी समोर दिसणाऱ्या अग्निबाणाच्या रित्या टप्प्याकडे यान सरळ रेटून पाहिले, आणि बरेच इंधन खर्ची घालूनही त्यांना तो गाठता आला नाही. योग्य रीत अशी, की गतिरोध करून आधी खालच्या कक्षेत उतरावे. तेथे प्रदक्षिणा लवकर पुरी होते, आणि आपण सहजच पुढच्यास गाठतो. हे मी वर्तुळे काढून समजावीत असताना आजोबांनी मला हातानेच थांबवले.

"वर्तुळे कशाला काढतोस? पुढच्याला मागे टाकायचे तर आधी खाली वाकायचे, एवढेच ना? माझ्या हाताखालचा एक इसम याच मार्गाने माझ्याआधी शिरस्तेदार झाला."

अखेरचा पाठ उपग्रहाच्या निवृत्तीविषयीचा होता. भूस्थिर कक्षेतील उपग्रहाने आयुष्याच्या शेवटी सुमारे तीनशे किलोमीटर वर सरकून इतरांची जागा मोकळी करावी असा दंडक असून त्यासाठी, म्हणजे स्वतःच्या अंत्ययात्रेसाठी, त्याला थोडे इंधन राखून ठेवावे लागते. आजोबांनी पोस्टातील एका खात्याकडे सूचक निर्देश करून या दूरदृष्टीस संमती दिली. परंतु ती शिल्लक किती उरली हे कळते कसे, असे विचारले. मी सांगितले की वजनरहित अवस्थेत इंधन टाकीच्या तळाशी बसत नाही, त्यामुळे पातळी पाहून शिल्लक सांगता येत नाही; सबब पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी किती जाळले याची नोंद ठेवून ती मूळ साठ्यातून वजा करीत जाणे, हाच रूढ उपाय आहे.

आजोबा बराच वेळ स्तब्ध बसले. "म्हणजे तिजोरी उघडून पाहायची नाही, नाणी मोजायची नाहीत, आणि नुसत्या वहीवर विश्वास ठेवायचा? हे आमच्या तालुक्यात केले असते तर निम्मी कचेरी तुरुंगात गेली असती. माझे ऐका. त्या वहीवर जो कारकून बसवाल, त्याला पगार भरपूर द्या."

त्या सुमारास इस्रोत नेमणूक होण्याची आशा मला स्वतःलाच वाटू लागलेली असल्यामुळे, आजोबांच्या प्रशासकीय अनुभवाचा मान राखून, ही सूचना मी तत्काळ आणि बिनशर्त मान्य केली.