छावणीतील मद्य : एक वर्गीकरण

लखनौ छावणीत आणि आसपास दारूचे तीन प्रकार आढळतात : कार्डावरची, ठेक्यावरची आणि पिशवीतली. पहिल्या दोन्हींत इथाइल अल्कोहोलच असते. त्यांत भेद रसायनशास्त्र करत नाही, सरकार करते.

कार्डावरची लष्करी कँटीनमध्ये सवलतीच्या दरात मिळते. कार्ड यंत्रात घातले की महिन्याचा कोटा किती उरला ते कळते. बाटलीवर ‘फक्त संरक्षण दलांसाठी’ असे बजावलेले असते. सुटीच्या ट्रंकेतून साताऱ्याकडच्या गावी पोचली की तिला ‘मिलिटरीची’ म्हणतात. मग संरक्षण दलात भावकी, सरपंच आणि तलाठी यांचीही भरती होते. या भेदावर न्यायालयाचीही मोहोर आहे. 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्यात लष्करी मेस व कँटीनला सूट देण्याची सोय होती. बलसारा खटल्यात 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. यकृताला या खटल्यात पक्षकार केले नव्हते.

छावणीचे फाटक ओलांडले की दुसरा प्रकार सुरू होतो. लखनौ घराण्याच्या तबल्यात ठेका म्हणजे तालाचे ठरलेले बोल. रस्त्यावर ठेका म्हणजे दारूचे दुकान. पहिल्यावर माणूस समेवर येतो, दुसऱ्यावरून घरी येईलच असे नाही. उत्तर प्रदेशात आबकारी आणि मद्यनिषेध ही दोन्ही खाती एकाच मंत्र्याकडे असतात, त्यामुळे विक्री वाढल्याचे समाधान आणि व्यसन वाढल्याची चिंता एकाच टेबलावर निकाली निघते. 2 ऑक्टोबरला ठेके बंद असतात. गांधीजींना अभिवादन म्हणून गिऱ्हाईक 1 तारखेलाच दुप्पट माल नेते.

एम्सच्या 2019च्या राष्ट्रीय पाहणी अहवालानुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यांतील 5.7 कोटींना पिण्यापायी मदतीची गरज आहे. कोण कार्डावरची पितो आणि कोण ठेक्यावरची, हा रकाना त्यात नाही.

पिशवीतली ज्याला ठेकाही परवडत नाही त्याची. जानेवारी 2015 मध्ये आंब्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मलिहाबाद परिसरात विषारी दारूने तिसाहून अधिक माणसे गेली. राज्याने 2017 साली अशा मृत्यूंसाठी फाशीपर्यंतची शिक्षा कायद्यात घातली. मारक घटक मिथेनॉल. शरीरात त्याचे फॉर्मिक ॲसिड होते आणि ते आधी डोळ्यांची नस धरते. रोग्याला भर दुपारी बर्फ पडत असल्यासारखे दिसते. यकृतातला जो विकर हे विष तयार करतो, त्याला इथेनॉल जास्त प्रिय. म्हणून खास औषध हाताशी नसेल तर डॉक्टर रोग्याला मोजून इथेनॉलच देतात, म्हणजे पहिल्या दोन प्रकारांतले. वैद्यकात याला उतारा म्हणतात. सकाळी हात थरथरू लागल्यावर घेतलेल्या घोटालाही पिणारे उताराच म्हणतात, आणि तो मोजायला कोणी नसते.