दांडा दुरुस्त कोण करणार?

बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये केंडल नावाचं मेट्रो स्टेशन आहे. पॉल मातीस या शिल्पकाराने 1986 ते 1988 या काळात तिथे 'केंडल बँड' उभारला. (चित्रकार आंरी मातीस त्याचे आजोबा.) फलाटाच्या भिंतीवरचा दांडा ओढायचा, की दोन रुळांच्या मधे टांगलेले सागवानी हातोडे हलू लागतात. पण लगेच काही वाजत नाही. हातोड्यांची लय हाताला सापडेपर्यंत दांडा हलवत राहावं लागतं. मग ते झोका घेत ॲल्युमिनियमच्या 16 नळ्यांवर आपटतात आणि भुयार घंटानादाने भरून जातं. या वाद्याचं नाव पायथागोरस. जोडीला केप्लर हे मोठं कडं आणि गडगडणारा पत्रा, गॅलिलिओ.

न्यूयॉर्कच्या 34व्या रस्त्यावरच्या स्टेशनात क्रिस्टोफर जॅनीचं 'रीच' आहे. तिथे सेन्सरपुढे हात धरला की सूर उमटतो. तेही छान आहे. पण मला केंडलचा दांडा जास्त प्रिय. तो अनोळखी माणसाला दोन मिनिटं लय शोधायला लावतो, आणि त्या नादाचा मालक करतो.

हेच वाद्य पुढे मुकं झालं. दांडे मोडले आणि 2010 च्या सुमारास एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी दुरुस्तीला हात घातला. शाबास त्या पोरांची! पण हे काम विद्यार्थ्यांवर का यावं?

अशा वेळी 'लोकांना किंमत नाही' हे ठरलेलं वाक्य येतं. साफ चूक आहे. दांडा झिजला, कारण लोकांनी तो ओढला. त्यासाठीच तर तो बसवला होता. स्टेशनातला सरकता जिनाही झिजतो. त्याला तेलपाणी मिळतं आणि प्रवाशांना कोणी बोल लावत नाही. माँट्रियलमध्ये 2011 साली 21 सुरेल झोपाळे लागले. प्रत्येकाचा सूर निराळा, आणि काही धुना तर अनेकांनी मिळून झोके घेतले तरच उमटायच्या. हे झोपाळे पुढची अनेक वर्षं वसंतात पुन्हा लागत. म्हणजे दरवर्षी कोणीतरी साखळ्या तपासत होतं, पगार घेऊन.

वाजतं शिल्प हवं असलेल्या प्रत्येक शहराने करारातच लिहावं: दांडा मोडला तर कळवायचं कोणाला, सुटे भाग कुठे ठेवलेत, आणि पंधरा दिवसांत तो बसला नाही तर जाब कोणी द्यायचा.