साडेसातची सुई

इन्सुलिन घेणारे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात आणि त्यांच्याबद्दल घरच्यांची तक्रार ठरलेली असते: यांच्या लक्षात राहत नाही. ही तक्रार मला मुळीच पटत नाही. काकांच्या देहात आता जे काही ठणठणीत उरलेलं असतं, त्यात स्मरणशक्तीचा नंबर पहिला लागतो. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, तो त्यांना दसऱ्यापासूनच आठवतो. अंगारकी कधी आहे, सिलिंडर कुठल्या तारखेला लावलं, मुंजीत कोणी किती आहेर केला, ठेवीवर पाव टक्का जास्त कुठली पतपेढी देते, सगळं तोंडपाठ. बरं, इन्सुलिनच्या बाबतीतलं ज्ञान तरी कच्चं असावं, तर तेही नाही. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या बाटलीची, केशरी टोपणाची १०० च्या बाटलीची, आणि त्यांची अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो, हे ते औषधाच्या दुकानातल्या पोराला दर महिन्याला ऐकवतात. बेंबीभोवतीची दोन इंच जागा सोडावी, रोज जागा बदलावी, नाहीतर कातडीखाली गाठी होतात, यावर ते बागेतल्या बाकावर अर्धा तास बोलू शकतात. राहून जातं ते फक्त टोचून घ्यायचं. इतकं सगळं ध्यानात ठेवणारा माणूस नेमकी एवढीच गोष्ट विसरत असेल, तर खोट त्याच्या डोक्यात शोधून काय मिळणार?

माझं म्हणणं असं की आपल्या घरांत लक्षात ठेवणं हे कधीच एकट्याचं काम नसतं. ज्याचा घरात मोठ्याने उच्चार होतो ते लक्षात राहतं, बाकीचं जातं. काका रक्तदाबाची गोळी चुकवत नाहीत, कारण ती चहाच्या बशीतच येते आणि ‘गोळी घेतलीत का?’ हा प्रश्न पाहुण्यांसमोरही खुशाल विचारला जातो. एकादशी चुकत नाही, कारण साबुदाणा भिजवला का, हे आदल्या रात्री तीन माणसं विचारतात. इन्सुलिनच्या वाट्याला हे भाग्य नाही. त्याचा खोका फ्रीजच्या दारात लोण्याच्या डब्यामागे असतो. काकू बाहेरच्या खोलीत चार माणसं असताना दारातून फक्त ‘अहो, ते घेतलंत का?’ म्हणतात आणि काका ‘हो, बघतो’ म्हणून विषय संपवतात. कारण ‘गोळ्यांवर भागतंय’ हे आपल्याकडे अभिमानाने सांगतात आणि ‘इन्सुलिनवर गेले’ हे ‘आयसीयूत हलवलं’च्या चालीवर. वास्तविक मधुमेह जुना होत जातो तसतशा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी थकत जातात आणि बऱ्याच जणांना कधी ना कधी बाहेरून इन्सुलिन द्यावं लागतं. यात पथ्य मोडल्याची शिक्षा वगैरे काही नसते. पण काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल ज्या सुरात हे वाक्य म्हटलं, तो सूर आता त्यांच्याच कानात वाजत असतो.

पूर्वी हे लपवणं शक्यच नव्हतं. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशा मुलांवर उपाय म्हणजे जवळजवळ उपासमार होती, आणि तीही थोडे महिने वाढवून देणारी. तिथून पुढे कित्येक दशकं इन्सुलिन म्हणजे काचेची सिरिंज, पुन्हा पुन्हा वापरायची सुई आणि ती उकळायला चुलीवर किंवा स्टोव्हवर ठेवलेलं पातेलं. घरभर स्पिरिटचा वास. ज्या घरात रोज संध्याकाळी सुई उकळते, त्या घरात धाकट्या पोरालाही ठाऊक असतं की आजोबांचं टोचून व्हायचंय. १९८५ मध्ये इन्सुलिनचं पेन बाजारात आलं आणि सगळी सोय झाली. आता तर सुई चार मिलिमीटरची, आकडा फिरवायचा, बटण दाबायचं. खिशाला लावलं तर शेजारच्या बॉलपेनपासून ओळखू येऊ नये. शास्त्रज्ञांनी केली ती रुग्णाची सोय. काकांनी करून घेतली ती लपवण्याची सोय. ज्याचा कुणाला पत्ता नाही ते राहून गेलं, तरी कुणाला पत्ता लागत नाही.

संध्याकाळची साडेसातची वेळ पाहावी. काकांचं इन्सुलिन तीस-सत्तरचं, म्हणजे जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं, आणि ते गढूळ असल्याने टोचण्याआधी पेन दोन्ही तळव्यांत हलकेच घोळून दुधासारखं एकजीव करायचं. काका बातम्यांसमोर बसून पेन घोळायला घेतात. पडद्यावर एक प्रवक्ता दुसऱ्याला बोलू देत नसतो. काकांचे तळवे फिरतच राहतात. एखादं वाक्य जिव्हारी लागलं की वेग वाढतो, जाहिरात लागली की मंदावतो. दहा वेळा घोळायचं ते पेन वीस मिनिटं घोळलं जातं. मग दाराची बेल वाजते आणि पेन, टोपणासकट, खिशात. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आलेले असतात. ते उठेपर्यंत आतून ‘पानं घेतलीत’ अशी हाक येते. आता टोचून अर्धा तास थांबावं तर आमटी निवते आणि काकू तापतात. टोचून लगेच बसावं तर डॉक्टरांनी सांगितलेलं मोडतं. काका तिसरा मार्ग काढतात: जेवायला बसतात, आणि हात धुताना ‘घ्यायचं राहिलंच वाटतं’ असं आरशाला सांगतात.

यावर नातवाचा उपाय तयार असतो: मोबाइलवर गजर लावा. गजर लावून होतो, वाजतोही. पण गजराला घड्याळ कळतं, काकांचं जेवण कळत नाही. जेवणाची वेळ ठरवणारा मुलगा नऊ वाजेपर्यंत लोकलमध्ये असतो, आणि लग्नाच्या स्वागत समारंभात तर ती फोटोग्राफरच्या हाती असते. इथे काकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. टोचून घेतलं आणि रांग पुढे सरकलीच नाही, तर साखर ७० च्या खाली जाऊन घाम फुटतो, हात थरथरतात. ही भीती खोटी नाही. काहींनी एकदा ती अवस्था अनुभवलेली असते, म्हणून कार्याला जाताना पेन घरी ‘विसरतं’. (याच काकांना त्या अवस्थेत तीन चमचे साखर पुरते, पण औषध म्हणून गुलाबजाम घ्यायची संधी ते सोडत नाहीत, हा भाग वेगळा.) पण याचाही उपाय न सांगण्यात नसून सांगण्यातच आहे. ‘मी इन्सुलिन घेतलंय, मला वेळेवर जेवायला हवं’ असं यजमानाच्या कानावर घातलं, तर आपल्याकडे लोक नवरदेवाच्या मामालाही रांगेत मागे सरकवतील. काका मात्र घाम पुसत, ‘उकडतंय फार’ म्हणत उभे राहतात.

कुणी म्हणेल, सुईची भीती असेल हो. असती तर ग्लुकोमीटरसाठी त्यांनी बोट पुढे केलं नसतं. बोट टोचलेलं पोटापेक्षा जास्त दुखतं, तरी काका ते आनंदाने टोचून घेतात, कारण त्यातून निघालेला आकडा सकाळच्या फिरण्यात सांगता येतो आणि समोरच्याचा ऐकता येतो. दुसरा आक्षेप वयाचा, आणि तो गंभीर आहे. ज्यांची स्मृती आजाराने खरोखरच जात चालली आहे, त्यांची इथे थट्टा नाही. त्यांच्या हाती पेन द्यायचंच नसतं, ते घरातल्या दुसऱ्या कुणी धरायचं असतं. आपले काका त्यांतले नव्हेत. त्यांना १९८३ च्या विश्वचषकातला प्रत्येक बळी क्रमाने सांगता येतो.

एका ठिकाणी मात्र खराखुरा विसर असतो, आणि तो घेण्याचा नसून घेतल्याचा. रोज तेच पेन, तेच बटण. त्यामुळे हाताने केलं ते काल की आज, हे कळत नाही. ‘घेतलं का मी?’ हा प्रश्न धोक्याचा आहे. एक डोस चुकला तर साखर वर जाते, पण शंकेपोटी दुसऱ्यांदा घेतला तर ती झपाट्याने खाली येऊ शकते. म्हणून दुप्पट घेऊन भरपाई करायची नसते, संशय आला की डॉक्टरांना विचारायचं असतं. आपल्या घरांत नोंदीची उत्तम जागा १९७३ पासून भिंतीवर टांगलेली आहे. कालनिर्णयच्या चौकोनात दूध कधी खाडा, बाई कधी आल्या नाहीत, इस्त्रीवाल्याचे किती कपडे, हे सगळं मावतं. इन्सुलिनची एक खूण का मावू नये? तशी चालू वापरातलं पेन फ्रीजमध्ये दडवण्याचीही गरज नसते. खोली ३० अंशांच्या आत असेल तर ते साधारण चार आठवडे बाहेर, लोणच्याच्या बरणीशेजारी राहू शकतं. (विदर्भातल्या वाचकांनी मे महिन्यात हे वाक्य वगळावं.) काका खुणेला तयार होतात, पण स्वतः करीन म्हणतात, आणि डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री तीन महिन्यांच्या खुणा एकाच शाईत करून टाकतात. पण रक्तातल्या लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि एचबीएवनसीची तपासणी त्यांच्याकडून मागच्या दोन-तीन महिन्यांचा जबाब घेते. तिला कालनिर्णय दाखवून उपयोग नसतो.

म्हणून खूण दुसऱ्याने करावी, आणि मोठ्याने विचारून करावी. हे काम नातीकडे दिलं तर उत्तम, कारण तिला अजून कुजबुजता येत नाही. ती जाड स्केचपेन घेऊन, चार पाहुण्यांच्या मधोमध उभी राहून ‘आजोबा, सुई घेतली?’ असं ओरडते. काका क्षणभर कावरेबावरे होतात. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. त्यातले एखादे समोरच्या सोफ्यावर बसलेले असण्याचा संभव दांडगा. ते गृहस्थ आपल्या खिशाकडे हात नेत विचारतात, ‘वाजले किती? माझंही व्हायचंय. तुमचं तीस-सत्तरच का?’ पुढच्या मिनिटाला दोघं युनिटांचे आकडे, सुयांचे भाव आणि पोटावरच्या गाठी यांवर इतक्या मोठ्याने बोलू लागतात की शेवटी काकूंना आतून सांगावं लागतं, ‘अहो, आधी टोचून घ्या, मग काय ते बोला.’